घरातलं तेल

आतून अडकित्त्याचा कट्ट असा आवाज आला आणि गाडीखाली माझा हात थांबला.

तोवर घर गप्प होतं. नूपुर शेवटचा घास तोंडात तसाच ठेवून झोपली होती. तो बोटाने काढून घ्यावा लागला. माझ्या सासूबाई, शोभाताई, दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दुपारी त्या उठल्या की आधी सुपारी कातरतात, मग पाणी पितात, मग बाहेर येऊन विचारतात. म्हणजे माझ्याकडे एका सुपारीपुरता वेळ होता.

मी पाठीखाली जुनी सतरंजी घातली होती. गाडीची पुढची बाजू वर, तिच्याखाली दोन लोखंडी घोडी, मागच्या चाकांना विटा. ही घोडी रोहितने, माझ्या नवऱ्याने, आमच्या लग्नाच्याही आधी एका वेल्डरकडून बनवून घेतली होती. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस त्याच्या लेखी शहाणा नव्हता. मी आजवर कधी शिरलेच नव्हते. मी पायरीवर बसायची. पाना दे म्हटलं की पाना, फडकं दे म्हटलं की फडकं. नूपुर झाल्यावर ती मांडीवर, आणि पाना उरलेल्या हाताने. पण बघत असायची. कुणी रोज कणीक मळताना बघितलं की कधीतरी मळता येतेच, तसं काहीसं.

नूपुर रांगत होती तेव्हापासून रोहित हैदराबादला आहे. घरी येतो, असं तो फोनवर कधी म्हणायचा नाही. "गाडीचं तेल बदलायचं झालं असेल, येतो," म्हणायचा, आणि यायचा. दोन-तीन दिवस राहायचा. पहिल्या दिवशी तेल बदलायचा, दुसऱ्या दिवशी शोभाताई वडाभात करायच्या, तिसऱ्या दिवशी नूपुर त्याच्या बॅगेवर बसून राहायची. आमचं भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर ते मिटवायला तरी काही हाती आलं असतं. फोन तेवढे छोटे होत गेले. दिवाळीला आला तेव्हा त्याने मोजायची काडी बाहेर काढली, तेल दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाला, "संक्रांतीनंतर करू." संक्रांत झाली. मग या शनिवारचं म्हणाला, मग रविवारचं.

काल संध्याकाळी मेसेज आला. या वेळी जमत नाही. गाडी मेकॅनिकला दाखव.

मी तो दोनदा वाचला आणि फोन फ्रिजवर उपडा ठेवला. सुट्टी न मिळणं मला नवं नव्हतं. पण या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू न देणारा माणूस मेकॅनिकला दाखव म्हणत होता. स्वयंपाकघरात शोभाताई ताटात चार प्रकारच्या डाळी घेऊन निवडत बसल्या होत्या, रविवारच्या वडाभातासाठी. त्यांना सांगायला म्हणून मी आत गेले आणि चहा ठेवून बाहेर आले.

सोमवारपासून मला कन्हानला जायचं आहे. तिथल्या एका दवाखान्यात लॅबचं काम मिळालं आहे. मनीषनगरहून कन्हान म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक आणि पुढे आणखी. रोजचं जाणं-येणं. तेल काळं झालेली गाडी तेवढी पळवायची नाही, हे मला कळतं. मेकॅनिक चौकातच आहे. तरी आज सकाळी नूपुरला शाळेत सोडून मी त्याच्या दुकानावरून पुढे गेले आणि गाडीच्या सामानाच्या दुकानातून तेलाचा डबा, फिल्टर आणि नटाखालची तांब्याची चकती घेऊन आले. तिला वायसर म्हणतात. ती काउंटरवर पडली तेव्हा नूपुरच्या बाळीएवढा आवाज झाला.

गाडी तापलेली असतानाच तेल पातळ होतं आणि नीट वाहतं. फार तापलेली असली तर भाजतं. नूपुरला शाळेतून आणलं, जेवू घातलं, निजवलं, तेवढ्यात इंजिन निवत निवत विरजणाच्या दुधाइतकं कोमट झालं होतं. मी खाली शिरले. इंजिनाच्या तळाशी तेल सोडायचा नट असतो, त्याला पाना लावला आणि तिथेच अडकले. उताणं पडून वर पाहिलं की डावं-उजवं फिरतं. कुठे फिरवलं की सैल, कुठे फिरवलं की घट्ट, काही सुचेना. चुकीच्या बाजूला जोर लावला तर आटे जातील. मग मी डोळे मिटले आणि लोणच्याची बरणी डोक्यावर उलटी धरली आहे असं मनात आणलं. झाकण कुठल्या बाजूला निघेल? हात आपोआप वळला. नट कुरकुरला आणि सुटला.

शेवटचे आटे बोटांनी काढत होते, तेव्हा तो कट्ट आला. आणि त्याच क्षणी तेल माझ्या मनगटावरून खाली घमेल्यात पडायला लागलं. काळं, सरळ, दोरीसारखं. आता परत लावता येत नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर शोभाताईंचे पाय पायरीवर दिसले. गाडीखालून तेवढेच दिसत होते. बोटं आणि भेगा.

"काय करून राहिली वं, भूमिका?"

"तेल काढून राहिली, आई."

"कायचं?"

"गाडीचं."

त्या वाकल्या. घमेलं पाहिलं. माझं तोंड पाहिलं.

"उद्या येऊन राहिला न तो? त्यानं काढलं असतं."

"सोमवारी मले कन्हानले जायचं आहे न."

"सोमवार रविवारच्या आधी येते काय?"

त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ते नालीत फेकू नको. मागच्या दाराच्या चौकटीले वाळवी लागली. रोहित तेच लावे."

"ठेवते."

भिंतीपलीकडून मनोहररावांनी डोकं वर काढलं. आमचे शेजारी. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या कुंड्या आमच्याच भिंतीला लागून आहेत.

"काय जी सूनबाई, गाडीखाली काहून झोपल्या? घरात पलंग नाई काय?"

"आहे जी काका. इथं हवा चांगली लागते."

"मेकॅनिक मेले काय सारे नागपूरचे?"

"जिवंत आहेत," शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही पाणी द्या कुंड्यायले."

फिल्टर रोहितच्या हाताने आवळलेला होता. माझ्या हातून हलेना. हात तेलकट, तो तेलकट. मी नूपुरचं जुनं लंगोटाचं फडकं त्याच्याभोवती गुंडाळलं आणि पीळ दिला, तेव्हा सुटला. उजेडात धरून पुसला तर त्यावर मार्करने लिहिलेलं होतं: पोळा. रोहित फिल्टरवर तारीख लिहीत नाही, जवळचा सण लिहितो. पोळ्याला तो आला होता. दुसऱ्या दिवशी मुलांच्या तान्ह्या पोळ्यात नूपुरचा लाकडी बैल ओढायला तीही होती आणि तोही, आणि बैलाचं एक चाक गल्लीच्या तोंडाशीच निखळलं होतं. ते त्याने इथेच बसून लावलं होतं. मी फिल्टर उपडा करून घमेल्यात ठेवला, म्हणजे उरलंसुरलं निथळेल.

नवीन फिल्टरच्या रबराला बोटभर तेल लावलं आणि हातानेच बसवला. जोर करायचा नाही; टेकला की त्यानंतर थोडाच. मग नट. पण त्याआधी वायसर. पायरीवर ताटलीत ठेवला होता. ताटली होती, वायसर नव्हता.

"आई, इथं एक चकती होती."

"मी नाई पाहिली."

मी सतरंजी झटकली. पायरीखाली पाहिलं. पुसलेलं फडकं परत उलगडलं. शोभाताईही उठून परकराने खालची धूळ सारू लागल्या. तेव्हा दारातून आवाज आला.

"हे पाह्य, माझी अंगठी."

नूपुर उभी होती. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीची घडी उमटलेली, एका पायात मोजा. अंगठ्यात वायसर. तिच्या दुसऱ्या कुठल्या बोटात तो राहिलाच नसता.

"ती गाडीची आहे, पिल्लू."

"गाडीले बोटं नसतात."

मनोहरराव भिंतीपलीकडे खोकले की हसले, कळलं नाही.

शेवटी अदलाबदल झाली. जुना वायसर तिला, नवा गाडीला. जुना काळा आहे म्हणून ती कुरकुरली. राखेने घासला की चमकतो, असं शोभाताईंनी सांगितलं. मी खाली जाऊन नट आवळला, पुरे वाटलं तिथे थांबले, घोडी काढून गाडी खाली उतरवली. मग स्वयंपाकघरातलं नरसाळं आणलं, ज्याने आम्ही डब्यातलं गोडंतेल बरणीत ओततो. शोभाताईंनी ते पाहिलं आणि ओठ आवळले.

नवं तेल मधासारखं होतं. नूपुर पायरीवर बसून बघत होती. "आई, हे गोड आहे?" तिने विचारलं. "गाडीला गोड लागतं," मी म्हणाले. डबा सगळा रिकामा केला, शेवटचा थेंब निथळेपर्यंत उलटा धरला. झाकण लावलं. गाडी थोडा वेळ चालू करून बंद केली, तेल खाली बसू दिलं आणि काडी काढून पाहिली.

तेल खालच्या खुणेलाही पोहोचलं नव्हतं.

मी काडी पुसली, परत घातली, परत काढली. तेवढंच. नटाखाली हात लावून पाहिला, कोरडा. फिल्टरही कोरडा. मग कुठे गेलं?

"फिल्टरनं पिलं असंन," शोभाताई म्हणाल्या. "रोहित मोठा डबा आणे अन् संग एक लहान डबा आणे."

लहान डबा. मी इतक्या वेळा पायरीवर बसून पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर कायम मोठाच डबा होता. लहान डब्याच्या वेळी मी बहुतेक नूपुरला घेऊन आत गेलेली असायची.

"मी आणते," म्हणून मी पर्स घेतली. "चौकातच दुकान आहे. आत्ता येते."

"आज शनिवार आहे."

"मंग?"

"शनिवारी तेल आणत नाई घरात."

"सकाळी तं आणलं मी."

"मले कुठं दाखवलं? पाहिलं असतं तं तेही फाटकातच ठेवाले लावलं असतं."

"आई, हे गाडीचं आहे. खायचं थोडीच आहे."

"मारुतीले वाहतात तेही कोणी खात नाई. तेल ते तेल."

"भिवापूरच्या मावशी आल्या होत्या तेव्हा भज्यांना कमी पडलं होतं. शनिवारच होता. तुम्हीच पाठवलं होतं मले."

"ते पिशवीतलं होतं."

"आणि हे?"

"हे डब्यातलं आहे."

"बरोबर आहे वहिनीचं," मनोहरराव भिंतीवरून म्हणाले. "पिशवीतलं शनीले दिसत नाई."

"तुम्ही आत जा जी, ऊन लागन."

त्यांनी डोकं खाली घेतलं. शोभाताई माझ्याकडे वळल्या. आवाज आता वेगळा होता, जवळजवळ मायेचा.

"कायची घाई आहे वं तुले? गाडी राहू दे आजच्या दिवस अशीच. उद्या रोहित येईन, तोच आणन येता येता. राहिलं तेवढं तो करन. त्यालेही बरं वाटंन. आल्याबरोबर काही काम पाहिजे असते त्याले हाताले."

तेव्हा मला कळलं की हे शनीचं नव्हतं. आपल्या मुलासाठी त्यांना थोडंसं तेल बाकी ठेवायचं होतं. पानात शेवटचा वडा झाकून ठेवतात तसं.

मी फाटकापर्यंत गेले होते. कडीवर हात होता.

"ते येत नाहीत उद्या," मी म्हणाले.

"कोण म्हणते?"

"त्यांचा मेसेज आला काल."

"काल." त्यांनी तेवढा एकच शब्द उचलला. "मले काहून नाई सांगितलं?"

"सांगणार होते. तुम्ही डाळी निवडत होत्या."

शोभाताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत ओट्यावर झाकून ठेवलेलं पातेलं होतं. डाळी दुपारी जेवण झाल्याबरोबर भिजत घातल्या होत्या त्यांनी.

"काय म्हणते?"

"जमत नाही म्हणतात." मग उरलेलंही सांगून टाकलं. "गाडी मेकॅनिकले दाखव म्हणतात."

"मेकॅनिकले?"

"हाव."

पुढे त्यांनी काही विचारलं नाही. काहून जमत नाही, मग कधी येतो, काहीच नाही. जमिनीवर एका घमेल्यात काळं तेल होतं आणि त्यात उपडा फिल्टर. त्या त्याच्याकडे बघत होत्या. नूपुर अंगठ्यातला वायसर गोल गोल फिरवत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. ती ऐकत असली की नेहमीच अशी दिसते, आणि ऐकत नसली तरी.

शोभाताई गुडघ्यांवर हात टेकवून उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, देवापुढे बसतील, किंवा भावाला फोन लावतील. मी फाटकाशीच उभी राहिले. जावं की न जावं ठरेना. जाऊन तेल आणलं असतं तर त्यांनी अडवलं नसतं, आता नाही. पण कडी काढली नाही.

आत देव्हाऱ्याखालचा खण ओढल्याचा आवाज आला. तो खण फुगला आहे, दोनदा ओढावा लागतो. त्यात समईचं तेल, वाती, कापूर आणि नूपुरचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असतो. बैल बाहेर काढून जमिनीवर ठेवल्याचा आवाज मी ओळखला. चाकं लाकडी आहेत.

त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लहान डबा होता. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. मी पुढे झाले नाही. डबा अर्ध्याहून जरा जास्त भरलेला असावा, हलवल्यावर तसा वाजला. त्यावरचा नंबर माझ्या डब्यावर होता तोच.

"मागच्या टायमाले उरलं होतं त्याचं," त्या म्हणाल्या. "मी ठेवून देल्लं होतं. म्हटलं, पुढच्या वेळी कमी पडू नाई त्याले."

मी डबा घेतला नाही लगेच. "आई, आज शनिवार आहे."

"हे घरातलंच आहे," त्या म्हणाल्या. "आणलेलं नाई."

मग त्यांनीच नरसाळं उचललं, पदराने आतून पुसलं आणि इंजिनाच्या तोंडात धरलं. धरताना दुसरा हातही लावला. मी ओतलं. थोडं थोडं, मध्ये थांबत, काडी बघत. आधी खालच्या खुणेला लागलं. मग मध्ये. मग वरच्या खुणेच्या अगदी जवळ आलं आणि डबा संपला. उलटा धरला, तशी एक लांब तार आली, बारीक होत गेली, तुटली.

"पुरलं?"

"पुरलं."

त्यांनी रिकामा डबा माझ्या हातून घेतला, परत त्याच पिशवीत घातला आणि गाठ मारली.

नूपुरला पुढच्या सीटवर माझ्या मांडीत बसवून मी किल्ली फिरवली. समोर लाल दिवा लागला, तेलाच्या बुधलीचं चित्र असतं तो.

"आजीचा दिवा!" नूपुर म्हणाली.

इंजिन सुरू झालं, घुरघुरलं आणि एकसारखं चालायला लागलं. दिवा गेला.

"विझला," ती म्हणाली.

"विझला म्हणू नाई," बाहेरून शोभाताई म्हणाल्या. "शांत झाला म्हणावं."

मी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. फरशी कोरडी होती. कुठूनही गळत नव्हतं. मनोहरराव भिंतीवर आले, कान देऊन आवाज ऐकला आणि एक शब्द न बोलता मान हलवली. त्यांच्याकडून हे बरंच होतं. शोभाताईंनी घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सांडू न देता मागच्या दाराकडे न्यायला लागल्या, चौकटीला लावायला.

नूपुरचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. केसांना झोपेचा आणि शाळेतल्या खडूचा वास येत होता. माझे हात काळे होते, म्हणून मी ते तिच्यापासून लांब, स्टिअरिंगवर धरून ठेवले होते.

"आई, झालं तेल?"

"झालं."

"आता गाडीले काही नाई पाहिजे?"

"नाही. आता बरेच दिवस काही नको."

तिने अंगठ्यातला काळा वायसर काढला, त्याच्या भोकातून एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं.

"मंग आता बाबा कायले येतीन?"